एक नौका, तीन जन्म

(मंडळाच्या गणेशोत्सवात, मुनिरका येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



  गेली काही वर्षे आपल्या मंडपात मोठमोठ्या विद्वानांची व्याख्याने झाली. मी विद्वान नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून रेल्वेत लागलो, माटुंगा कारखान्यात डब्यांच्या दुरुस्तीवर उमेदवारी केली आणि आज दिल्लीत तेच काम पाहतो. लोखंड, वेल्डिंग, बोगी आणि ब्रेक हा माझा संसार. त्यामुळे विषयाचे नाव ऐकून आमच्या सौ.नीच विचारले, "तुम्ही आणि समुद्र? मुनिरक्यात?"

प्रश्न रास्त आहे. इथून मुंबईचा समुद्र राजधानी एक्सप्रेसच्या वाटेने जवळजवळ 1,400 किलोमीटर. आपल्या मुलांनी समुद्र पाहिला तो उन्हाळ्याच्या सुट्टीत. पण रेल्वे आणि समुद्र यांचे नाते आपण समजतो त्यापेक्षा जुने आहे. आमच्या कारखान्यात मदतनीसाला कित्येक वर्षे 'खलाशी' म्हणत. कागदावरही तेच पदनाम होते. जड यंत्र उचलणाऱ्या टोळीचा मुकादम 'टिंडेल', म्हणजे आपल्या कोकणातला 'तांडेल'. दोर, कप्पी आणि उच्चालक हाताळणारी माणसे रेल्वेने बंदरावरून घेतली आणि त्यांच्याबरोबर त्यांचे शब्दही आले. तेव्हा आज एका जहाजाबद्दल बोललो, तर मी परक्या घरात शिरलो असे कृपया समजू नये.

माझा विषय आहे एक नौका. ती एका श्रीमंत माणसाच्या हौसेसाठी बांधली गेली, मग एका राष्ट्राध्यक्षाच्या दिमतीला गेली आणि शेवटी मुंबई बंदरातून आपल्या अरबी समुद्राची नाडी तपासायला निघाली. तिची गोष्ट सांगता सांगता, जुन्या वस्तूला नवे काम कसे द्यावे आणि त्या कामातून काय उरते, याचाही थोडा विचार करू.

आधी थोडी पार्श्वभूमी. शिडाच्या किंवा चैनीच्या नौकांना विज्ञानाच्या कामाला जुंपण्याची पद्धत जुनी आहे. संशोधनासाठी नवे जहाज बांधणे महाग. उलट श्रीमंतांच्या यॉटी दणकट असतात, लांबच्या प्रवासाला योग्य असतात, आणि मालकाचा उत्साह संपला की स्वस्तात मिळतात. अमेरिकेत लुइस स्टोन नावाच्या चित्रपट नटाची 'सेरेना' ही यॉट 1937 मध्ये विकत घेऊन कॅलिफोर्नियाच्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेला दिली गेली. 'हुसार' नावाची तीन डोलकाठ्यांची आलिशान यॉट 1923 मध्ये बांधली गेली होती. तीच 'वेमा' या नावाने 1953 पासून कोलंबिया विद्यापीठाच्या ताब्यात आली आणि तिने संशोधनासाठी दहा लाख सागरी मैलांहून अधिक प्रवास केला. महासागरांच्या तळाचे जे नकाशे आज शाळेच्या पुस्तकात दिसतात, त्यामागे तिने गोळा केलेल्या मोजमापांचा मोठा वाटा आहे.

पण सगळ्याच जहाजांना असे दुसरे काम जमत नाही. त्याचे एक उदाहरण माझ्या विशेष आवडीचे आहे, कारण त्याचा संबंध माझ्या आजोळाशी, अलिबागशी, लागतो.

पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी हा समुद्रावरचा फार नाजूक प्रश्न होता. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती सरकते, हे जागोजागी वेगळे असते. ते नकाशावर बरोबर नोंदले नसेल तर जहाज खडकावर जाते. 1905 मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी संस्थेने 'गॅलिली' नावाचे लाकडी शिडाचे जहाज भाड्याने घेतले. ते 1891 चे होते, मालवाहतूक करणारे. त्यातले जमेल तेवढे लोखंड काढून तीन वर्षे पॅसिफिक महासागरात चुंबकीय मोजणी केली. काम चांगले झाले, पण जहाज मुळात मालासाठी बांधलेले होते. कुठे ना कुठे लोखंडी खिळे आणि पट्ट्या राहिल्याच आणि प्रत्येक मोजणीत जहाजाच्या स्वतःच्या लोखंडाची चूक वजा करत बसावे लागले. शेवटी संस्थेने 1909 मध्ये 'कार्नेगी' ही नवी लाकडी नौका मुद्दाम बांधून घेतली. ओक आणि पाइनचे लाकूड, तांब्या-काशाचे खिळे, काशाचे नांगर आणि साखळदंडाऐवजी दोर. 1929 च्या नोव्हेंबरमध्ये सामोआच्या आपिया बंदरात पेट्रोल भरताना स्फोट होऊन ती जळाली. कप्तान आणि एक पोरगेलासा नोकर त्यात गेले. तोवर तिने जगभरच्या समुद्रांवर चुंबकत्व मोजले होते.

आता अलिबाग. मुंबईत कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून, म्हणजे 1826 पासून, वेधशाळा आहे. 1841 पासून तिथे चुंबकीय वेध घेतले जात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार असे ठरले. विजेचा प्रवाह रुळांमधून जमिनीत पसरतो आणि चुंबकसुई भलतीकडे वळते. ट्रामला तर थांबवता येत नव्हते. तेव्हा वेधशाळेनेच समुद्र ओलांडला. 1904 पासून अलिबागला वेध सुरू झाले. तिथली इमारत पोरबंदरच्या दगडाची, चुंबकीय नसलेला दगड तपासून घेतलेला. आजूबाजूला लोखंड नाही. दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग अशी दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी केली, आकड्यांचा मेळ घातला आणि मग 1906 मध्ये कुलाब्याची चुंबकीय मोजणी बंद केली. मुंबईत विजेची ट्राम 1907 मध्ये धावली.

ही दोन वर्षांची दुहेरी मोजणी मला फार महत्त्वाची वाटते. नवीन यंत्र बसवले की जुने लगेच फेकायचे नाही. दोन्ही शेजारी शेजारी चालवायची, फरक लिहून ठेवायचा. आमच्या कारखान्यात नवे गेज येते तेव्हा चांगला फिटर नेमके हेच करतो. त्याला ते कोणत्याही पुस्तकाने शिकवलेले नसते.

असो. आता मूळ नौकेकडे येतो.

अमेरिकेच्या मेन राज्यात बाथ आयर्न वर्क्स नावाची गोदी आहे. तिथे 1930 मध्ये ह्यू चिझम या कागद कारखानदारासाठी 'अ‍ॅरास' नावाची यॉट बांधली गेली. लांबी 243 फूट, पोलादी सांगाडा आणि डिझेल इंजिने. आपल्याकडचे सुमारे तीन डबे एकापुढे एक लावा, तेवढी. हा तिचा पहिला जन्म.

दुसरे महायुद्ध आले. 1941 मध्ये अमेरिकन नौदलाने ती विकत घेतली, तोफा बसवल्या आणि नाव दिले 'विल्यम्सबर्ग'. युद्ध संपल्यावर 1945 मध्ये ती राष्ट्राध्यक्षांची नौका झाली. हॅरी ट्रूमन यांच्या कारकिर्दीत तिच्यावर राजकारणाच्या बैठका झाल्या. 1952 च्या जानेवारीत विन्स्टन चर्चिल यांनी तिच्यावर ट्रूमन यांच्याबरोबर भोजन घेतले. आपल्या रेल्वेत वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी सलून असते ना, तसेच हे पाण्यावरचे सलून. 1953 मध्ये आयझेनहॉवर आले, त्यांनी ही चैन नको म्हटले आणि नौका सेवेतून काढली. तिचा दुसरा जन्म इथे संपला. पुढची नऊ वर्षे ती नुसती बांधून ठेवलेली होती.

यार्डात उभा असलेला रिकामा डबा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही अवस्था कळेल. चालत्या गाडीला गंज चढत नाही एवढा उभ्या गाडीला चढतो.

इकडे जगात दुसरीच हालचाल चालू होती. 1950 च्या दशकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांच्या लक्षात आले की अटलांटिक आणि पॅसिफिक महासागरांची बरीच माहिती जमली आहे, पण हिंदी महासागर जवळजवळ अनोळखी आहे. आणि हा साधासुधा समुद्र नाही. वर्षातून दोनदा याचे वारे दिशा बदलतात. नैऋत्य मोसमी आणि ईशान्य मोसमी. वारे फिरले की प्रवाहही फिरतात. जगातल्या दुसऱ्या कोणत्याही महासागरात हे एवढ्या मोठ्या प्रमाणात होत नाही. शिवाय या पाण्याभोवती कोट्यवधी माणसे राहतात, ज्यांचे पोट पावसावर आणि मासळीवर अवलंबून. त्यातून आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम आखली गेली. 1959 ते 1965 या काळात डझनाहून अधिक देशांची सुमारे चाळीस जहाजे तिच्यात उतरली.

अमेरिकेच्या जीवशास्त्रीय कार्यक्रमासाठी एक जहाज हवे होते. नवे बांधायला वेळ नव्हता. तेव्हा कोणाला तरी ती बांधून ठेवलेली 'विल्यम्सबर्ग' आठवली. 1962 च्या ऑगस्टमध्ये ती राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या ताब्यात आली आणि तिचा तिसरा जन्म झाला. नाव ठेवले 'अँटोन ब्रून'.

हे ब्रून कोण? डेन्मार्कचे सागरी जीवशास्त्रज्ञ. 1950 ते 1952 मध्ये त्यांनी 'गॅलाथिया' जहाजावरून जगप्रदक्षिणा केली आणि दहा हजार मीटरहून अधिक खोलीवरून जिवंत प्राणी वर आणून दाखवले. एवढ्या खाली जीव असू शकतो यावर तोपर्यंत शंका होती. गंमत अशी की ती 'गॅलाथिया'ही मुळात ब्रिटिश युद्धनौका होती, 'लीथ' नावाची. ब्रून हिंदी महासागर मोहिमेच्या प्रमुख पुरस्कर्त्यांपैकी होते, पण मोहीम भरात येण्याआधी, 1961 च्या डिसेंबरमध्ये, ते वारले. ज्या माणसाने जुन्या युद्धनौकेतून संशोधन केले, त्याचे नाव जुन्या यॉटला मिळाले.

आता यॉटची प्रयोगशाळा करायची म्हणजे काय करावे लागते, ते माझ्या धंद्याच्या नजरेने सांगतो.

पहिली गोष्ट, आतली सजावट काढायची आणि तिथे कामाची टेबले, पाण्याचे नळ, विजेच्या तारा, नमुने ठेवायला बरण्यांचे कप्पे आणि थंड खोली करायची. हे सोपे काम. दुसरे काम कठीण. डेकवर विंच बसवायची. कित्येक किलोमीटर पोलादी दोर गुंडाळलेले ते रहाट अतिशय जड असते. त्यावर जाळ्याचा, पाण्याचा आणि दोराच्या स्वतःच्या वजनाचा ताण येतो. तो ताण डेकच्या पत्र्याने नव्हे, खालच्या सांगाड्याने पेलला पाहिजे. तिसरी गोष्ट तोल. वर वजन वाढले की नौका जास्त हेलकावे खाते. मग खाली वजन भरावे लागते किंवा वरचे काही काढावे लागते. डब्यातही हेच. छतावर पाण्याची टाकी मोठी करा आणि वळणावर काय होते ते पाहा.

चौथी गोष्ट, थांबता येणे. यॉट पळण्यासाठी बांधलेली असते. संशोधनाच्या जहाजाला मात्र उघड्या समुद्रात, वाऱ्यात, तासन्‌तास एका जागी उभे राहावे लागते, कारण खाली दोर सोडलेला असतो. आमच्या लोको पायलट मंडळींना विचारा, गाडी पळवणे सोपे, गाडी बरोबर थांबवणे अवघड.

1963 च्या मार्चमध्ये 'अँटोन ब्रून'ची पहिली सफर मुंबईहून सुरू झाली. त्या सफरीत ती बंगालचा उपसागर आणि अंदमानच्या समुद्राकडे गेली. पुढे 1964 अखेरपर्यंत हिंदी महासागरात तिच्या एकूण नऊ सफरी झाल्या. अरबी समुद्र, भारताचा पश्चिम किनारा, ओमानचा किनारा, पूर्व आफ्रिकेचा समुद्र. वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेने हे काम सांभाळले आणि जॉन रायथर यांच्याकडे कार्यक्रमाची सूत्रे होती.

जहाजावर दिवसभर चालायचे ते काम कसे असे? मला त्यातली एक युक्ती फार आवडते. नान्सेन बाटली. पितळेची नळी, दोन्ही टोकांना झडपा, कडेला उलटणारा तापमापक. अशा अनेक बाटल्या दोराला ठराविक अंतरावर अडकवून खोल सोडायच्या. मग वरून दोरावर एक छोटे वजन सोडायचे. त्याला 'मेसेंजर', म्हणजे निरोप्या, म्हणतात. तो दोरावरून घसरत जातो आणि पहिल्या बाटलीचा खटका दाबतो. बाटली उलटी होते, झडपा बंद होतात आणि त्या खोलीचे पाणी आत कोंडले जाते. त्याच क्षणी तापमापकातला पारा तुटतो, म्हणजे वर येईपर्यंत तापमान बदलले तरी आकडा तोच राहतो. आणि ती बाटली उलटताना खालचा दुसरा निरोप्या सोडते. तो पुढच्या बाटलीकडे जातो. वीज नाही, बॅटरी नाही. हजारो फूट खोल, काळोखात, एकामागून एक खटके. आमचे जुने यांत्रिक सिग्नल ज्यांनी चालवले, त्यांना यात घरचा माणूस भेटल्यासारखे वाटेल.

पाणी वर आले की त्यातला विरघळलेला प्राणवायू लगेच मोजायचा. उशीर केला तर हवेतला प्राणवायू मिसळून आकडा बिघडतो. म्हणून जहाज कितीही हेलकावे खात असो, रात्रीचे दोन वाजलेले असोत, बाटली वर आली की रसायने घालायची आणि थेंब थेंब मोजणी करायची.

या मोजणीतून दिसलेली एक गोष्ट आपल्या कोकणच्या माणसाने समजून घ्यावी अशी आहे. नैऋत्य मोसमी वारा अरबस्तान आणि सोमालियाच्या किनाऱ्याला लागून जोराने वाहतो. तो वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो आणि त्याची जागा घ्यायला खालचे थंड, खताने भरलेले पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पतींचे प्रचंड पीक येते. समुद्रातले हे खरीप म्हणा. पण पीक जास्त आले की पालापाचोळाही जास्त. तो खाली बसताना कुजतो आणि कुजताना प्राणवायू खातो. त्यामुळे अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरच्या आसपासपर्यंत असा एक थर आहे, जिथे प्राणवायू जवळजवळ नाहीच. जगातल्या अशा सर्वात मोठ्या थरांपैकी हा एक. असे पाणी कधी वर, किनाऱ्याकडे सरकले, तर मासे गुदमरतात.

आता लक्षात घ्या. 2000 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले डॉ. नक्वी आणि त्यांचे सहकारी यांनी 'नेचर' या नियतकालिकात एक लेख लिहिला. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत पावसाळ्यानंतर प्राणवायूची टंचाई तीव्र होत असल्याचे त्यांनी त्यात दाखवले. तीव्र होत आहे, हे कशावरून म्हणायचे? आधी किती होता हे माहीत असेल तरच. आजचा आकडा एकटा मुका असतो. त्याच्या शेजारी जुना आकडा ठेवला की तो बोलायला लागतो. त्या मोहिमेतल्या चाळीस जहाजांवर, रात्रीच्या दोन वाजता, थेंब थेंब मोजून लिहिलेले आकडे म्हणजे तो जुना आकडा.

कुलाब्याचे उदाहरणही असेच. 1859 च्या सप्टेंबरमध्ये सूर्यावरच्या मोठ्या उद्रेकामुळे पृथ्वीच्या चुंबकत्वात भयंकर वादळ झाले. जगभरच्या तारायंत्रांत गोंधळ उडाला. कुलाब्याच्या वेधशाळेत कोणी कर्मचारी सुईचे आकडे ठरल्या वेळी लिहीत बसला होता. ती नोंद दीडशे वर्षे जपली गेली. 2003 मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या आणि परदेशातल्या शास्त्रज्ञांनी त्या नोंदीवरून ते वादळ किती मोठे होते याचा अंदाज बांधला. 1989 च्या मार्चमध्ये त्यापेक्षा लहान वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांताची वीज तासन्‌तास बंद पाडली होती. म्हणजे विजेवर चालणाऱ्या आजच्या जगाला, अगदी आमच्या रेल्वेलाही, कुलाब्याच्या त्या कारकुनाची वही उपयोगी पडते. त्याचे नाव आपल्यापैकी कोणाला माहीत आहे?

इथे मला माझ्या मनातली गोष्ट बोलायची आहे. शोधनिबंधावर शास्त्रज्ञाचे नाव येते, आणि ते यायलाच हवे. पण विंच चालवणारा, दोराला वंगण लावणारा, इंजिनरूममध्ये उकाड्यात उभा राहणारा, बाटल्या क्रमाने लावणारा, यांची नावे कुठे येत नाहीत. एकाने क्रम चुकवला तर दीडशे मीटरचे पाणी पाचशे मीटरचे म्हणून लिहिले जाईल आणि पुढचे सगळे शास्त्र चुकेल. आमच्याकडेही तसेच. गाडी वेळेवर पोहोचली तर बातमी नाही. मी ज्या काकांच्या हाताखाली शिकलो, ते चाकाचे माप तीनदा घेत आणि तिन्ही वेळा लिहीत. मी एकदा म्हणालो, "काका, एकदा बरोबर आले ना?" ते म्हणाले, "माझ्यासाठी आले रे. पुढच्या माणसासाठी लिहितोय." हे वाक्य मी आजवर प्रत्येक नव्या पोराला ऐकवतो.

'अँटोन ब्रून'च्या बरोबरीने आपल्या देशानेही कामे केली, हे सांगायला हवे. आपल्या नौदलाची 'आयएनएस कृष्णा' ही महायुद्धातली युद्धनौका 1962 ते 1965 या काळात संशोधनाच्या सफरींवर गेली. कोचीच्या 'वरुणा' आणि 'कॉन्च' या नौका होत्या. कुलाब्याला 1963 मध्ये आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र सुरू झाले आणि डॉ. पिशारोटी यांच्यासारख्या आपल्या हवामानशास्त्रज्ञांनी जहाजांकडून आलेल्या नोंदी नकाशांवर मांडल्या. मोहीम संपली, परदेशी जहाजे परत गेली, पण आपल्याकडे शिकलेली माणसे उरली. त्यांच्या जोरावर 1 जानेवारी 1966 रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. डॉ. एन. के. पणिक्कर पहिले संचालक. आणि मुनिरकाकरांनो, या संस्थेची सुरुवात कुठे झाली? इथेच, दिल्लीत! नंतर ती गोव्याला दोना पावलाला गेली. म्हणजे समुद्राच्या शास्त्राचे आपले पाळणाघर समुद्रापासून हजार किलोमीटरवर होते. तेव्हा मुनिरक्यात समुद्रावर व्याख्यान का, याचे उत्तर आमच्या सौ.ना मिळाले असावे.

या संस्थेचे पहिले मोठे जहाज कोणते? 'गवेषणी'. आणि ते कसे मिळाले? कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत गाळ वाहून नेण्यासाठी एक हॉपर बार्ज बांधली जात होती. तिच्यात बदल करून संशोधन जहाज केले गेले. गाळ वाहायला जन्मलेली बार्ज! 1976 पासून 1994 पर्यंत तिने काम केले. 26 जानेवारी 1981 रोजी, प्रजासत्ताक दिनी, तिच्यावरच्या लोकांनी समुद्रतळावरून धातूंचे गोटे वर काढले. त्यानंतरच्या कामावर 1987 मध्ये भारताला मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटर तळ शोधकामासाठी मिळाला. 1983 मध्ये जर्मनीत खास बांधलेले 'सागर कन्या' आले. आणि 2024 मध्ये नव्या संशोधन जहाजासाठी करार झाला तो पुन्हा त्याच गार्डन रीच गोदीशी.

तर मग जुन्याला नवे काम द्यावे की नवेच बांधावे? मी रोज या प्रश्नाशी राहतो. रेल्वेच्या जुन्या प्रकारच्या डब्याचे आयुष्य 25 वर्षे धरतात. त्यातले कित्येक डबे आम्ही मोटारी वाहून नेणारे मालडबे करतो. आसने काढतो, खिडक्या बंद करतो, टोकांना दारे बसवतो. 1991 मध्ये जुन्या डब्यांतून 'लाइफलाइन एक्सप्रेस' हे चालते रुग्णालय उभे राहिले. 2020 च्या कोरोनात पाच हजारांहून अधिक डबे विलगीकरणासाठी बदलले गेले. या सगळ्यातून आणि जहाजांच्या या गोष्टींतून मला तीन नियम दिसतात.

एक, सांगाडा शाबूत असेल तर सजावट बदलता येते. सांगाडाच गेला असेल तर रंग देऊन उपयोग नाही. दोन, नव्या कामाचा जो मुख्य गुण, त्याच्याच आड जुनी रचना येत असेल तर मोह सोडावा. 'गॅलिली'मधले लोखंड निघेना, तेव्हा 'कार्नेगी' बांधावीच लागली. तीन, बदललेली वस्तू किती काळ वापरायची हे आधी ठरवावे. 'अँटोन ब्रून' एका मोहिमेसाठी घेतली, तिने ती पार पाडली, पुढे 1965-66 मध्ये दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरही काम केले, आणि मग ती थांबवली गेली.

तिचा शेवट मात्र सुखाचा नाही. संशोधनातून निवृत्त झाल्यावर ती विकली गेली, काही काळ तरंगते उपाहारगृह झाली. पुन्हा आलिशान नौका करू म्हणून 1990 च्या दशकात इटलीतल्या ला स्पेझिया बंदरात नेली. पैसे उभे राहिले नाहीत. ती तिथेच गंजत राहिली. ऐतिहासिक नौका म्हणून वाचवा अशी मोहीम झाली, पण 2016 मध्ये तिचे तुकडे झाले.

वाचवण्यासाठी ज्यांनी धडपड केली, त्यांना ती राष्ट्राध्यक्षांची नौका म्हणून वाचवायची होती. चर्चिल जिथे जेवले ते टेबल, ट्रूमन जिथे बसले ती खुर्ची. ते स्वाभाविक आहे. पण मला विचाराल तर त्या नौकेचे सर्वात मोलाचे काम तिसऱ्या जन्मातले, आणि ते भंगारात गेलेच नाही. ते वह्यांत, बरण्यांत, तक्त्यांत राहिले. तिच्यावर पकडलेल्या माशांचे नमुने आजही संग्रहालयांत अभ्यासले जातात. लोखंड वितळले. आकडे शिल्लक आहेत.

म्हणून माझी मंडळाला एक नम्र सूचना आहे. आपण दरवर्षी स्मरणिका काढतो, जमाखर्च छापतो, नाटकांचे फोटो छापतो. दिल्लीत आलेली पहिली मराठी पिढी आता थकली आहे. कोणी तारखात्यात होते, कोणी मंत्रालयात, कोणी प्रयोगशाळेत मदतनीस, कोणी रेल्वेत. त्यांनी आयुष्यभर काय केले, कसे केले, कोणत्या यंत्रावर केले, हे कोणीतरी बसून लिहून घ्यावे. मोठ्या पदांचे नको, रोजच्या कामाचे. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत चार पाने त्यासाठी ठेवावीत. लिहून घ्यायला मी तयार आहे. अक्षर बरे आहे माझे, आणि माप तीनदा घ्यायची सवय आहे.

आणि बालमित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांना गणितात फार गुण मिळत नाहीत, त्यांनी खट्टू होऊ नये. समुद्रावर, रेल्वेत, वेधशाळेत, नीट हात चालवणाऱ्या आणि खरा आकडा लिहिणाऱ्या माणसांची गरज कधीच संपत नाही. आयटीआय आणि डिप्लोमा या छोट्या वाटा नाहीत. त्या वाटेने समुद्राच्या तळापर्यंत जाता येते.

 आरतीला उशीर होतो आहे आणि मोदकांचा वास इथवर येतो आहे. तेव्हा इथेच थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!